हलक्या गाडीचा भार



पंढरपुराहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग १९२७ साली सुरू झाला. २०२७ साली त्याला शंभर वर्षे पुरी होतील. आपल्या वयाच्या वारकऱ्यांना ही लाईन ‘बार्शी लाईट’ याच नावाने ठाऊक आहे. अडीच फुटांच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी आता राहिली नाही. तिच्या जागी साडेपाच फुटांचे रुंद रूळ आले, मोठी गाडी आली. तरीही शताब्दी जवळ आली की कुणीतरी म्हणणारच, ‘सोहळा करू या.’

असे सोहळे आता ठिकठिकाणी होतात. लहान रेल्वेचा वाढदिवस आला की जुने इंजिन बाहेर काढतात, रंगवतात, त्याचे पितळ घासून लखलखीत करतात, समोर हार घालतात. मागे जुने लाकडी डबे जोडतात आणि हौशी मंडळींना एक फेरी घडवतात. शेजारच्या दालनात टेबलावर त्याच गाडीच्या वीतभर प्रतिकृती फिरत असतात. तेवढेच इवलेसे स्टेशन, तेवढाच इवलासा सिग्नल. नातवंडे टेबलाला नाक लावून उभी राहतात आणि आजोबा त्यांच्यापेक्षा जास्त वेळ उभे राहतात. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपली नेरळ-माथेरानची गाडी १९०७ सालची. तिचेही कौतुक कमी नाही.

आता प्रश्न असा की, वारकऱ्याने अशा सोहळ्यात आनंद मानावा का? ज्याला जन्मभर सांगितले गेले की हे सगळे नाशिवंत आहे, यात गुंतू नकोस, त्याने जुन्या लोखंडाचा वाढदिवस करावा का? प्रश्न वरवर लहान दिसतो. पण नीट पाहिले तर तो आपल्या घराचाही आहे. वाडवडिलांची वीणा, आजीचे जाते, पडका वाडा, बंद पडलेली शाळा, यांचे आपण काय करायचे? जपायचे, टाकायचे, की काचेत ठेवायचे? म्हणून हा प्रश्न कीर्तनाच्या रीतीने घेऊ. आधी विषय, मग पूर्वपक्ष, मग उत्तर.

विषय काय, ते पाहू. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर १८८२ साली आपल्याकडे जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत आला. मोठी रेल्वे मोठ्या शहरांना जोडत होती; तालुक्याची गावे बाजूला राहत होती. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण रेल्वेपासून दूर. मोठा मार्ग तिथवर न्यावा तर खर्च झेपणारा नव्हता. कॅलथ्रॉपने हलक्या रेल्वेचा विचार मांडला, बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. १९०६ साली ती पंढरपुरापर्यंत आली, १९११ साली दुसऱ्या अंगाने लातूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. सारी मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ज्या वर्षी मिरजेचा मार्ग सुरू झाला त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. १९५४ साली सरकारने ही लाईन विकत घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ती टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली.

आता या गाडीच्या नावाकडे लक्ष द्या. ‘लाईट’ म्हणजे इथे दिवा नव्हे. लाईट म्हणजे हलकी. ती हलकी कशाने झाली? डबे रिकामे ठेवून नव्हे. कॅलथ्रॉपने एक साधा नियम धरला. गाडीचे वजन शेवटी चाकांच्या आसावरून रुळावर येते. एका आसावर दहा टन आणि दुसऱ्यावर दोन टन पडले, तर रूळ दहा टनांच्या हिशेबाने जाड घालावा लागतो, कारण रूळ तुटतो तो सर्वांत जड चाकाखाली. म्हणून त्याने ठरवले की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिन असो की मालाचा डबा. इंजिन जड होते, म्हणून त्याला आस जास्त दिले. पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. त्यांना चालती चाके चार जोड्या आणि मागे आधाराला आणखी दोन जोड्या. भार वाटला गेला, म्हणून यार्डाला तीस पौंडांचा बारीक रूळ पुरला. रूळ बारीक, म्हणून खर्च थोडा. आणि खर्च थोडा, म्हणून गाडी बार्शीला, पंढरपुराला येऊ शकली. भार नाहीसा झाला नव्हता, वाटून घेतला गेला होता. एवढी एक गोष्ट, माउली, गाठीला बांधून ठेवा. पुढे लागणार आहे.

आता पूर्वपक्ष. तो तीन अंगांनी येतो.

पहिला म्हणतो, ‘ही गाडी आमची नव्हेच. वारी पायी करायची असते. पायाला फोड येतात, अंगावर पाऊस घेतला जातो, तळावर मिळेल ती भाकरी खाल्ली जाते, तेव्हा देहाचा ताठा उतरतो. रेल्वे आली आणि वारी सोपी झाली. शिवाय ती कंपनीने चालवली ती कापसाच्या आणि तिकिटाच्या पैशासाठी. यात्रेच्या गर्दीत माणसांना मालाच्या डब्यांत कोंबून आणले. तिचे उपकार कसले मानता?’

दुसरा म्हणतो, ‘गेले ते गेले. छोटी गाडी रखडत चालायची. नवी गाडी वेगाने जाते, पुण्या-मुंबईला सरळ पोचवते. धाराशिवसारख्या शहराला जुन्या लाईनवर स्टेशनच नव्हते. रूळ रुंद करताना मार्ग वळवला तेव्हा ते मिळाले. चांगले आले असताना जुन्यासाठी गळा काढणे हा निव्वळ मोह.’

तिसरा सर्वांत खोल जातो. तो म्हणतो, ‘इंजिन जड आहे, अचेतन आहे. त्याला हार घातला काय आणि भंगारात घातले काय, त्याला सुख नाही आणि दुःखही नाही. प्रतिकृती तर त्याहून पोकळ; तिने कधी एक माणूस वाहिला नाही. जी गाडी कुठेच जात नाही तिच्यात बसून काय मिळते?’

तिन्ही आक्षेप जड आहेत. हसून उडवण्यासारखे नाहीत. एकेक घेऊ.

पायी वारीचा महिमा कमी करायचे माझ्या मनात नाही. पण पंढरीला जे येऊ शकत नव्हते त्यांचा विचार करा. आमची आजी बार्शीकडची. एक पाय लहानपणापासून अधू. गावची दिंडी निघाली की ती वेशीपर्यंत जायची, सर्वांच्या पाया पडायची आणि परत यायची. पुढे घरच्यांनी तिला कार्तिकीला बार्शी लाईटने न्यायला सुरुवात केली. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, गाठोडे काखेला, इंजिनाचा कोळसा डोळ्यांत आणि धोतरा-लुगड्यांवर. मी शाळकरी पोर, एकदा तिला विचारले, ‘आजी, चालल्याबिगर वारी होती का?’ ती म्हणाली, ‘पाय देवानं घेतलं, चाकं देवानं दिली. मी काय हिशेब मागू?’ आणि गाडीतून उतरल्यावर ती इंजिनाला हात जोडायची. लोक हसायचे. ती जोडायचीच.

याच मार्गावर कुर्डुवाडी आणि पंढरपूर यांच्यामध्ये मोडनिंब आहे, आणि मोडनिंबाच्या जवळ सावता महाराजांचे अरण. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, आपल्या कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला; म्हणून विठ्ठलाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. चालता येणे हे ज्या संप्रदायात भक्तीचे एकमेव माप नाही, तिथे चाकांवर बसून आलेल्या म्हातारीला कमी कसे लेखणार? ज्याला पाय आहेत त्याने चालावे. ज्याला नाहीत त्याला आणणाऱ्याचे ऋण मानावे.

‘पण कंपनीचा हेतू पैशाचा होता.’ होता. आणि यात्रेकरूंचे हाल झाले तेही खरे; वडीलधाऱ्यांच्या तोंडून मालडब्यांतल्या प्रवासाच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. सोहळा करताना हे झाकून ठेवू नये. पण विहीर खणणाऱ्याचा हेतू तपासून आपण पाणी पीत नाही. पाणी पितो आणि विहिरीपाशी नम्र होतो. शिवाय ती गाडी काही लंडनच्या मालकांनी हातांनी चालवली नाही. उन्हात रुळावर खडी दाबणारे गँगमन, भट्टीत कोळसा लोटणारे फायरमन, रात्री कंदील घेऊन उभे राहणारे सांधेवाले, कुर्डुवाडीच्या कारखान्यात चाके कातणारे कारागीर, हे आपल्याच गावांचे होते. त्यांतल्या कित्येकांच्या गळ्यात माळ होती. आषाढीला सगळे गाव वाळवंटात असताना हे लोक आपल्या जागेवर उभे होते, कारण ते उभे राहिले नसते तर बाकीचे पोचले नसते. त्यांची एकादशी रुळावर झाली. उपकार मानायचे ते यांचे.

दुसरा आक्षेप असा की गेले ते गेले. यात मला वाद नाही. रुंद रूळ आले हे चांगलेच झाले. जुनी गाडी परत आणा असे मी म्हणत नाही. ज्याला दवाखान्यात वेळेवर पोचायचे आहे त्याला विचारून पाहा, तो कोणती गाडी मागेल. पण आठवणे म्हणजे परत मागणे नव्हे. आपण वडिलांचे श्राद्ध करतो ते वडिलांनी परत यावे म्हणून करत नाही. आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे वर्षातून एकदा तरी मोठ्याने म्हणावे म्हणून करतो. जो म्हणत नाही त्याला हळूहळू वाटू लागते की आपण स्वतःच्याच पायांवर इतके उंच झालो. नव्या गाडीत बसणाऱ्याला हे कळावे की हा मार्ग कुणीतरी आधी बारीक रुळांवर आखला होता. एवढ्यासाठी वाढदिवस असतो.

आता तिसरा आक्षेप, जडाचा आणि प्रतिमेचा. इथे वारकऱ्याने जपून बोलावे, कारण आपल्या घरात प्रतिमा कमी नाहीत. पालखीत काय असते? पादुका. त्या पावलांची खूण आहेत. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची परंपरा सुरू केली, पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. आज लाखो माणसे त्या पादुकांच्या मागे चालतात. कुणी म्हणेल, चांदी आहे, जड आहे. खरे आहे. पण त्या जडाच्या मागे माणूस दोनशे-अडीचशे किलोमीटर चालतो, अनोळखी माणसाच्या पाया पडतो, आपल्या ताटातली भाकरी मोडून देतो. प्रतिमा पोकळ की भरलेली हे प्रतिमेत पाहून कळत नाही. ती पाहणाऱ्याच्या हातापायांकडे पाहून कळते.

इंजिन म्हणजे पादुका, असे मी म्हणत नाही, माउली. तशी बरोबरी कुणी करू नये. मी फक्त कसोटी तीच लावतो. पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे गेलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. गाडीत बसलेल्याला गाडी कधी पूर्ण दिसत नाही. त्याला एक खिडकी दिसते, समोरचा माणूस दिसतो, फार तर वळणावर इंजिनाचा धूर दिसतो. प्रतिकृतीत मात्र सगळे एका नजरेत येते. इंजिन, डबे, सिग्नल, सांधा, फाटक, एकावाचून दुसरे अडलेले. प्रवासात आपण आपल्यापुरते असतो. प्रतिकृतीपाशी उभे राहिल्यावर समजते की आपण बसलो होतो ते कितीजणांच्या भरवशावर. प्रतिकृतीने कधी माणूस वाहिला नाही, हे आक्षेपकाचे म्हणणे खरे. पण ज्यांनी वाहिला त्यांच्याकडे ती बोट दाखवते. बोटाचे काम तेवढेच. आणि जो माणूस चिमट्याने एकेक खिळा बसवत वर्षभर तशी गाडी घडवतो, त्याच्याकडेही आदराने पाहावे. इतके लक्ष देऊन आपण कशाकडे पाहिले आहे, हे स्वतःला विचारावे.

पण कसोटी अजून पुरी झाली नाही. प्रतिमा भरलेली केव्हा आणि पोकळ केव्हा, हे नीट कळण्यासाठी दोन दृष्टांत देतो. दोन्ही परमुलखातले आहेत, पण दुसऱ्याचे नाते थेट आपल्या बार्शीशी आहे.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. १८६५ साली ती डोंगरातल्या खाणीतून पाटीचा दगड समुद्राकाठच्या गावी आणण्यासाठी बांधली. पुढे खाण बंद पडली. मालक सर हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, आणि तोटा सोसून त्यांनी ती चालवली. १९५० साली ते वारले. गाडी आता मोडीत जाणार हे उघड होते. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने बर्मिंगहॅमला एक सभा बोलावली आणि जमलेल्यांनी ठरवले की ही गाडी आपण चालवू, पगार न घेता. १९५१ च्या मे महिन्यात त्यांची पहिली गाडी निघाली. हौशी स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. त्या वेळी चालण्याजोगे इंजिन एकच होते, तेही ऐंशी वर्षे ओलांडलेले. रविवारी माणसे यायची, गवतात बुडालेले रूळ मोकळे करायची, कुजलेल्या लाकडी पट्ट्या बदलायची. पुढे जुन्या इंजिनांना नवे बॉयलर बसवावे लागले, तुकड्या-तुकड्यांनी पुष्कळ काही बदलले. २०१५ साली त्या रेल्वेला दीडशे वर्षे झाली.

कुणी विचारील, इतके बदलल्यावर ते जुने इंजिन राहिले का? वारकऱ्याला या प्रश्नाचे कोडे पडू नये. आपली दिंडी पाहा. शंभर वर्षांपूर्वीचा एक टाळकरी आज त्या दिंडीत नाही, मृदंगाची शाई कितीदा नवी झाली, वीणेच्या तारा कितीदा बदलल्या. तरी दिंडी तीच, कारण चाल तीच, नेम तोच आणि देणे-घेणे तसेच. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची वेळ संपली की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्री मंदिरात कुणी ऐकायला नसते, तरी विणेकरी उभा असतो. वस्तू टिकते ती अशी, गळ्यातून गळ्यात गेल्याने. काचेत ठेवलेली वीणा फार वर्षे राहील, पण ती टिकली असे म्हणता येणार नाही. टॅलिलिनच्या लोकांनी वीणा घेतली. त्यांनी जुन्या गाडीवर नुसते प्रेम केले नाही. तिचा पहारा केला.

दुसरा दृष्टांत. बार्शीची गाडी यशस्वी झाल्यावर कॅलथ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात तशीच एक अडीच फुटी रेल्वे उभी केली. लीक अँड मॅनिफोल्ड हे तिचे नाव. १९०४ साली ती सुरू झाली. बार्शीच्या अनुभवावर बेतलेली, किटसन कारखान्याचीच इंजिने, त्यांतल्या एकाला कॅलथ्रॉपचेच नाव. म्हणजे बार्शी थोरली आणि ही धाकटी बहीण. नदीच्या खोऱ्यातून ती दूध आणि माणसे वाहायची. पण मोटारी आल्या, दूध रस्त्याने जाऊ लागले, आणि १९३४ साली गाडी बंद झाली. इंजिने गेली, डबे गेले, रूळ उचलले.

मग काय झाले? १९३७ साली त्या मार्गाची पायवाट केली. जिथून गाडी जायची तिथून आज माणसे चालतात. तिच्या शेवटच्या हल्म एंड स्टेशनाची जुनी इमारत राहिली आहे. आत त्या काळच्या स्टेशनाची प्रतिकृती मांडली आहे. माणूस ती पाहतो आणि बाहेर पडून चालू लागतो.

मला हे फार मोलाचे वाटते. थोरल्या बहिणीने पायी चालू न शकणाऱ्यांना गाडीत घेतले. धाकटी गेली आणि जाताना चालणाऱ्यांना वाट देऊन गेली. एकीचा देह वाढून मोठा झाला, दुसरीचा मातीत मिळाला. दोघींचेही लोखंड उरले नाही. पण दोघींच्या वाटेवरून माणसे अजून जातात. मग टिकले ते काय? लोखंड टिकले नाही, वाट टिकली. आणि वाट टिकली ती तिच्यावर कुणीतरी पाऊल टाकत राहिले म्हणून. न चाललेली वाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते, हे तुम्हाला शेतकऱ्यांना मी काय सांगावे!

आता गाठीला बांधलेली ती पहिली गोष्ट सोडू या. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सर्वांनी वाटून घ्यावा, म्हणजे बारीक रुळावरूनही मोठे ओझे जाते. मला वाटते, वाढदिवसाचा सोहळा खरा की खोटा, हे याच नियमाने ठरवावे. सोहळ्याचा भार दोन माणसांच्या माथी आणि बाकीचे सगळे बघे, तर तो सोहळा एका आसावर दहा टन टाकल्यासारखा आहे. त्या दोघांचे दिवस संपले की रूळ तुटला. उलट प्रत्येकाने थोडे उचलले, तर तो पुढच्या पन्नास वर्षांना पुरेल. आपली वारी इतकी शतके चालली ती कशाने? कुणा एका राजाने किंवा शेटजीने तिचा सगळा भार उचलला म्हणून नव्हे. कुणी वीणा धरली, कुणी तुळस डोक्यावर घेतली, कुणी हंडा, कुणी पिठाचे पोते, कुणी आजाऱ्याला खांदा दिला, कुणी गावात तळावर पाणी भरून ठेवले. वारी हीच मुळात हलकी गाडी आहे. भार वाटलेला, म्हणून हलकी.

म्हणून सिद्धांत असा. जुन्या वस्तूत गुंतणे हा मोह. जुन्या वस्तूचे ऋण न मानणे हा कृतघ्नपणा. या दोहोंच्या मधून जाणारी वाट सेवेची. ज्या आठवणीने हाताला काम लागत नाही ती आठवण गोड वाटली तरी करमणूक समजावी. ज्या आठवणीने हाताला काम लागते ती भक्तीच्या जवळची समजावी.

२०२७ साल फार लांब नाही. तोवर काय करता येईल? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, मिरज या पट्ट्यात तुमच्या गावी जुन्या लाईनवर काम केलेला म्हातारा असेल, तर त्याच्याकडे जा. त्याला काय आठवते ते नातवाकडून वहीत उतरवून घ्या. त्याचे नाव, त्याचे काम, त्याची स्टेशने. इंजिनांचे क्रमांक हौशी लोक लिहून ठेवतातच. गँगमनचे नाव कुणी लिहीत नाही. ते आपण लिहू. गावच्या पोराला हातांनी गाडी करावीशी वाटली, तर त्याला लाकूड आणून द्या, आणि ती गाडी कुणाला घेऊन पंढरीला जायची ते सांगा. जुन्या स्टेशनाची इमारत उभी असेल तर वर्षातून एक दिवस ती झाडून काढा. आणि आषाढीला नव्या गाडीत चढताना कुणी अधू म्हातारी फलाटावर दिसली, तर तिचे गाठोडे घ्या, तिला हात द्या, बसायला जागा द्या. बार्शी लाईटची शताब्दी तिथे खरी साजरी झाली असे मी म्हणेन, मग बँड वाजो की न वाजो.

बँड वाजला तरी माझी हरकत नाही. जुने इंजिन फुलांनी सजलेले दिसले तर जरूर थांबा, हात जोडा, पोरांना दाखवा. पण हात जोडून झाले की ते रिकामे ठेवू नका. पहारा बदलायची वेळ झालेली असते. वीणा कुणाच्या तरी गळ्यातून आपल्याकडे येत असते. मान पुढे करावी आणि उभे राहावे.

रामकृष्ण हरी.